वेदीपाशी दिलेला शब्द

आमच्या मंडळीत उपदेश संपला की पाळक हात पसरून म्हणतात, "ज्याच्या मनाला प्रभूने स्पर्श केलाय त्याने पुढे यावं." मग पियानो सुरू होतो, आणि कुणीतरी वेदीपाशी येईपर्यंत थांबत नाही. तीसेक वर्षं तो पियानो मी वाजवला. एक कडवं संपून कुणी हललं नाही तर आमचे पाळक, ब्रदर ऑर्विल, हात पाठीमागे नेऊन एक बोट वर करायचे. म्हणजे आणखी एक कडवं. दुसऱ्या कडव्याला मी आवाज उतरवायचे, तिसऱ्याला डाव्या हाताने खालचे सूर धरायचे, आणि चौथ्यापर्यंत मागच्या बाकावरची एखादी पोरगी तरी मुसमुसायला लागायचीच. प्रभू त्याचं काम करत असेल, मी नाही म्हणत नाही. पण खालचे सूर माझे होते.

मी नास्तिक नाही. हे आधी सांगते, कारण आमच्या सँडी फोर्क गावात सरकारी शाळेची बाजू घेतली की लोकांना पहिला संशय तोच येतो. माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, नवऱ्याची शवपेटी याच वेदीपुढे ठेवली होती. तेव्हा मला देव शिकवायला कुणी येऊ नये. ज्यांनी देवाच्या नावावर दुकान मांडलं त्यांची मात्र मला चीड आहे, आणि ती लपवायचं माझं वय उरलेलं नाही.

केंडल टकेट दर निवडणुकीआधीच्या रविवारी पुढे यायचा. गव्हाला गारपिटीचा विमा विकणारा हा माणूस, चर्चचा डीकन म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक, आणि राज्याच्या विधानसभेत आमचा आमदार. आमच्याच शाळेत शिकला. तिथल्या जिममध्ये, म्हणजे खेळांच्या मोठ्या हॉलमध्ये, त्याचं नाव अजून भिंतीवर रंगवलेलं आहे, कारण फुटबॉलमध्ये त्याने एल्कोट गावच्या संघाला एकदा धूळ चारली होती. सरकारी शाळांचा पैसा खाजगी शाळांना, म्हणजे अकॅडम्यांना, द्यायचा असं राजधानीत, ओक्लाहोमा सिटीत, पहिल्यांदा घाटत होतं, तेव्हा हाच केंडल खताच्या दुकानात छाती काढून म्हणाला होता, "आपल्या शाळेच्या वाटेला जाईल त्याची गाठ माझ्याशी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग टपालातून कार्डं यायला लागली. गुळगुळीत, रंगीत, घरटी चार-चार. कुठल्या लांबच्या शहरातल्या कुठल्या धनाढ्याने छापली देव जाणे, इथे त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. कार्डावर केंडलचा फोटो काळवंडलेला आणि खाली प्रश्न, 'केंडल टकेट तुमच्या मुलांना देवापासून दूर का ठेवतो?' पक्षातलाच एक तरुण त्याच्याविरुद्ध उभा राहिला. केंडल घाबरला. दोन आठवडे तो कुणाशी धड बोलला नाही, आणि मग एका रविवारी पुढे येऊन त्याने साक्ष दिली की प्रभूने त्याचे डोळे उघडले. त्या दिवशी पियानोवर मीच होते. वसंतात कायदा पास झाला आणि केंडलचा हात सगळ्यात आधी वर गेला.

पानगळीपर्यंत आमच्या चर्चच्या मागच्या इमारतीत अकॅडमी उघडलीसुद्धा. ब्रदर ऑर्विल अध्यक्ष, त्यांची बायको डार्ला मुख्याध्यापिका. निळ्या चौकड्यांचे स्कर्ट, सकाळी प्रार्थना, आणि वर सरकारचा पैसा. शाळेतली निम्मी पोरं तिकडे गेली. पोरं गेली तसा त्यांच्या वाटचा पैसाही गेला. शाळेचं छप्पर आधीच मोडकळीला आलं होतं, त्यात गारा पडल्या, आणि तपासनीसाने मुख्य इमारतीला टाळं ठोकलं. मुलं जिममध्ये पडदे लावून बसायला लागली. तिसरीचे पाढे आठवीला ऐकू जायचे आणि आठवीच्या शिव्या तिसरीला.

माझी नात ओपल त्यात होती, सहावीत. तिची आई, माझी लेक रेलीन, डॅलसला नोकरी करते आणि महिन्यातून एकदा येते. ओपलला लहानपणापासून फिट येते. कधी महिनाभर काही नाही, कधी आठवड्यात तीनदा. बोलते हळू, वाचते त्याहून हळू, आणि भेटेल त्याला मिठी मारते. शाळेत जोलीन नावाची नर्स होती. तिला ओपलच्या डोळ्यांवरून आधी कळायचं. ती ओपलला कुशीवर वळवायची, नाकात औषध मारायची, कपाळावर हात ठेवून बसून राहायची. वर्गातली पोरं सरकून जागा करून द्यायची आणि पुन्हा आपापलं चालू करायची. मला एवढंच हवं होतं. यापेक्षा जास्त मी कधी मागितलं नाही.

शाळेचा कारभार बघणारे कोच रडिक यांनी गावाला जिममध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं. इमारत दुरुस्त करायला गावाने स्वतःवर थोडा कर लावून घ्यायचा. त्यासाठी मतदान. पाचातल्या तिघांनी हो म्हणायला हवं. नाही म्हटलं तर शाळा बंद आणि मुलं बसने एल्कोटला.

"बसमध्ये नर्स असेल का?" जोलीनने विचारलं.

"बसमध्ये ड्रायव्हर असेल," कोच म्हणाले. "आणि त्याचे डोळे रस्त्यावर असतील."

एल्कोटला जायला सवा तास लागतो. मधे गव्हाची शेतं आणि तेलाचे पंप, त्यापलीकडे काही नाही. जोलीन परत जाताना माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "मिस लोरीन, तिला औषध वेळेवर मिळालं नाही तर काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको." सांगायला नकोच होतं.

अकॅडमीत ओपलला घालायचा विचार मी केला नव्हता असं नाही. उघडली त्याच आठवड्यात डार्लाला विचारलं होतं. ती म्हणाली, "आमचं ओपलवर फार प्रेम आहे." आमच्याकडे 'नाही' असंच म्हणतात.

पण गावाला ओपल ठाऊक होती. चर्चच्या दाराशी रविवारी ती उभी असायची, येईल त्याला मिठी. म्हणून मतदानाची गोष्ट निघाली की माणसं अडखळायची. वेल्डन प्रुइटचंच बघा. माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त, गव्हाचा शेतकरी, कर म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखा झटकणारा. नातवंडं अकॅडमीत. कॅफेत माझ्यासमोर कॉफीचा मग ठेवून तो म्हणाला, "लोरीन, मी जन्मात कुठल्या कराला हो म्हटलेलं नाही."

"माहितीये. कंजूस आहेस."

"कंजूस नाही, सावध. पण त्या पोरीला मी बसमध्ये एकटी पाठवणार नाही. माझं मत शाळेला. आणि चर्चमधल्या माझ्या बाकावरच्या सगळ्यांचंही, बघ तू."

"तुझ्या बाकावर तुझी सून बसते. ती डार्लाची मैत्रीण आहे."

"सुनेला मी सांगतो. ती चिडेल, पण ओपलला तिनेही मांडीवर खेळवलंय."

असे वेल्डन गावात पुष्कळ होते. अकॅडमीवर खूश, करावर नाखूश, आणि ओपलपाशी येऊन अडकलेले. कोच रडिक म्हणाले की थोडक्यात का होईना, जिंकू. मतदान मंगळवारी होतं, चर्चच्याच सभागृहात, कारण सँडी फोर्कमध्ये मतदान कायम तिथेच होतं. भिंतीवर अकॅडमीच्या पोरांची चित्रं लावलेली होती. हसरा सूर्य, क्रूस, आणि खाली 'आमच्या शाळेसाठी धन्यवाद, येशू'. मी डार्लाला म्हणाले, मतदानापुरती ती काढ. ती म्हणाली, "अहो, मुलांची चित्रं आहेत ती. त्यात कसलं राजकारण?" असा निरागस चेहरा करायला तालीम लागते.

आणि मग तो रविवार. उपदेश संपला, ब्रदर ऑर्विलनी हात पसरले, मी वाजवायला लागले. दुसऱ्या कडव्यालाच केंडल उठला. तिसऱ्या बाकावरून, कोटाचं बटण लावत, मान खाली घालून. बायकांनी आधीच रुमाल काढले. ब्रदर ऑर्विलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कानात काही बोलले, आणि माईक त्याच्या हातात दिला. मी नेहमीप्रमाणे सूर खाली आणले. हात सवयीने चालतात, त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

"मंडळी," केंडल म्हणाला आणि त्याचा आवाज कापला. "प्रभूने मला पहाटे उठवलं. म्हणाला, केंडल, माझी लेकरं कुठे आहेत? ज्या शाळेतून मला दाराबाहेर काढलं, त्या शाळेच्या छपरासाठी तू माझ्या लोकांच्या खिशात हात घालणार?"

"आमेन," कुणीतरी म्हणालं.

"मला त्या शाळेबद्दल राग नाही. मी तिथे शिकलोय. पण देव जुनी दारं बंद करतो तेव्हा नवी उघडतो. मंगळवारी मी देवाचं ऐकणार आहे. तुम्ही तुमच्या हृदयाचं ऐका."

त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं होतं. आणि त्या पाण्याखाली माझे सूर होते, अगदी मऊ, जिथे तो थांबेल तिथे थांबणारे, जिथे तो चढेल तिथे चढणारे. माझ्या नातीला रस्त्यावर सोडायच्या भाषणाला मीच साथ देत होते. अंगाचा तिळपापड झाला. मी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

पियानो मध्येच थांबला तर चर्च किती रिकामं वाटतं हे तुम्हाला अनुभवल्याशिवाय कळणार नाही. पंख्याची घरघर ऐकू आली. कुणीतरी नाक शिंकरलं ते ऐकू आलं. केंडल पुढे बोलला, "प्रभूची इच्छा आहे की..." आणि थांबला, कारण त्याचा आवाज आता फोनवर विम्याचे हप्ते सांगतो तसाच वाटत होता आणि हे त्यालाही कळलं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ब्रदर ऑर्विलचा हात पाठीमागे गेला, बोट वर झालं. मी त्या बोटाकडे बघितलं आणि उठून उभी राहिले.

"केंडल," मी म्हणाले, "ओपलला अकॅडमी घेईल का?"

"मिस लोरीन, ही वेळ..." ब्रदर ऑर्विल म्हणाले.

"वेळ हीच आहे, ब्रदर. सगळे आहेत, वेदीही आहे. शाळा बंद पडली तर माझी नात कुठे जाणार? याने एका शब्दात सांगावं."

वेल्डन प्रुइटने मान वर करून केंडलकडे बघितलं, त्याच्या सुनेनेही बघितलं. मला वाटलं, आता अडकला. हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणायला तोंड नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

पण राजकारणी माणूस आहे तो. केंडलने माईक खाली ठेवला, मधल्या वाटेने चालत गेला आणि मागे बाकावर बसलेल्या ओपलपुढे गुडघे टेकून बसला. माईकशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओपल बाळा, अकॅडमीत तुझी जागा आहे. देवासमोर सांगतो. तुला वगळून आम्ही कुठलं दार उघडणार नाही."

ओपलने त्याला मिठी मारली. मारणारच, ती सगळ्यांना मारते.

आणि अख्खं चर्च उठलं. माणसं रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. कुणीतरी गीत सुरू केलं आणि सगळे गायला लागले, मोठ्याने, सुरात. पियानोची गरजच उरली नव्हती. मी तशीच उभी होते आणि माझ्या लक्षात येत होतं की मी काय करून बसले. ज्या एका पोरीपाशी हे गाव अडखळत होतं, ती अडचण मीच विचारून दूर केली होती.

नंतर रांग लागते. पुढे आलेल्या माणसाशी सगळ्यांनी हात मिळवायचा असा आमचा रिवाज आहे. त्या दिवशी लोक केंडलशी हात मिळवून माझ्याकडे येत होते. "देवाची कृपा झाली, मिस लोरीन." "बघा, विचारलंत म्हणून मिळालं." वेल्डनचे डोळे लाल झाले होते.

"लोरीन, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला बघ," तो म्हणाला.

"धोंडा राहू दे तिथेच. मंगळवारपर्यंत तरी."

"आता कशाला? पोरीचं काम झालं ना?"

"वेल्डन, तो बोलला फक्त. बोलणं आणि वर्गात बाक देणं यात फरक असतो."

"वेदीपाशी दिलेला शब्द आहे तो." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही घाण बोलले. "केंडल टकेट कसाही असो. तिथे उभा राहून खोटं बोलणार नाही. एवढा तर विश्वास ठेव."

हे आमच्याच लोकांना जमतं. याच वेल्डनने केंडलकडून गारपिटीचा विमा घेताना वकिलाला दोनदा वाचायला लावला होता. गव्हासाठी कागद हवा, आणि पोरीसाठी अश्रू पुरले.

सोमवारी मी घरोघर फोन केले. म्हटलं, बाबांनो, लेखी काही नाही, डार्लाने आधी नकार दिलाय. शिवाय ओपल एकटी नाही, त्या जिममध्ये अडखळत बोलणारी, काठीने चालणारी आणखीही पोरं आहेत, त्यांच्यापुढे कुणी गुडघे टेकलेले नाहीत. लोक ऐकून घ्यायचे आणि मग गोड आवाजात म्हणायचे, "मिस लोरीन, मिळालं त्याबद्दल आभार मानावेत माणसाने." वेल्डनच्या सुनेने तर सरळ सुनावलं, "तुमचं झालं की नाही? मग आता आमच्या खिशाला का हात?" मी फोन आपटला.

मंगळवारी आम्ही हरलो. ज्या थोड्या मतांनी हरलो, ती माणसं आमच्या चर्चच्या दोन बाकांवर मावली असती. कोच रडिक जिमच्या पायरीवर बसून राहिले. जोलीनला दुसऱ्याच आठवड्यात एल्कोटच्या पलीकडच्या दवाखान्यात नोकरी मिळाली आणि ती गाव सोडून गेली. तिला मी दोष देत नाही.

मी ओपलला धुतलेला फ्रॉक घालून अकॅडमीत घेऊन गेले. ती मला, तिच्या आजीला, मीमॉ म्हणते; त्या रविवारपासून ती एकच विचारत होती, "मीमॉ, मला चौकड्यांचा स्कर्ट मिळेल?" डार्लाने आम्हाला तिच्या खोलीत बसवलं. टेबलावर रुमालांचा डबा आधीच काढून ठेवलेला होता. तो बघितला तेव्हाच मला कळलं. मी ओपलला बाहेर झोपाळ्यावर पाठवलं.

"आम्ही खूप प्रार्थना केली," डार्ला म्हणाली.

"प्रार्थनेचं नंतर. बाक कुठला देताय?"

"मिस लोरीन, इथे नर्स नाही. आमच्या शिक्षिका तरुण आहेत, त्या घाबरतील. दुसऱ्या मुलांचाही विचार करावा लागतो. आम्हाला वाटतं की ओपलसाठी देवाने दुसरं काही योजलंय."

"केंडलने सगळ्यांदेखत शब्द दिला."

"केंडल मनापासून बोलला," ती म्हणाली. तिच्या आवाजात लाजेचा लवलेश नव्हता. "त्या क्षणी आत्म्याने त्याला बोलतं केलं. पण प्रवेश समिती ठरवते, आणि कुणाला घ्यायचं ते ठरवायची मुभा कायद्याने आम्हाला दिलीये."

"कायदा केंडलचा. आणि समितीत कोण आहे?"

तिने रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. "ब्रदर ऑर्विल, मी," आणि मग, "आणि केंडल."

मी रुमालांचा डबा उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. त्याने काही झालं नाही, पण मला ते करायचं होतं. बाहेर ओपल झोपाळ्यावर होती. स्कर्ट नंतर मिळणार का, तिने विचारलं. नाही म्हणाले. आमच्याकडे जसं म्हणतात तसं नाही, सरळ 'नाही' म्हणाले.

वेल्डनला दोन दिवसांनी कळलं. तो ट्रक घेऊन आला, मागे शीतपेटीत गोमांसाची पाकिटं, निम्म्या गाईची असतील. टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला.

"लोरीन, मला खरंच वाटलं होतं की..."

"तुला वाटलं नव्हतं. तुला सोपं पडलं."

"मी केंडलशी बोलतो. ब्रदर ऑर्विलशी बोलतो."

"बोल. आणि ते मांस परत ने. असं खाणं मयताच्या घरी नेतात, आणि माझ्या घरात कुणी मेलेलं नाही अजून."

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि ट्रकमध्ये बसला. तो वाईट माणूस नाही, हे मला माहीत आहे. त्याने माझा राग कमी होत नाही, उलट वाढतो. वाईट माणसांकडून मी काही अपेक्षाच धरली नव्हती.

केंडल मला टपाल कार्यालयाबाहेर भेटला. टाळता आलं असतं तर त्याने टाळलं असतं.

"मिस लोरीन, मी समितीत प्रयत्न केला. पण माझं एकच मत. मी ओपलसाठी रोज सकाळी प्रार्थना करतो."

"मग रोज सकाळी एल्कोटच्या बसमध्ये येऊन कर. माझ्या शेजारची जागा रिकामी असते."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

आता मी सकाळी उजाडायच्या सुमारास ओपलबरोबर बसमध्ये चढते. एल्कोटच्या शाळेनेच सांगितलं की बरोबर मोठं माणूस असेल तरच पोरीला बसमध्ये घेऊ, आणि रेलीनने नोकरी सोडली तर औषधाचे पैसे कुठून येणार? म्हणून मी. औषध माझ्या पर्समध्ये वरच्या कप्प्यात. दिवसभर एल्कोटच्या वाचनालयात बसते, संध्याकाळी पोरांबरोबर परत. सत्तरी जवळ आली आहे माझी, गुडघे कुरकुरतात, बसची सीट कडक आहे. चर्चला जात नाही. तिथे आता पियानोऐवजी डब्यातून संगीत वाजतं म्हणे, आणि माणसं तरीही रडतात. बायका विचारतात, रविवारी का दिसत नाही? मी म्हणते, आठवडाभर झोप होत नाही. ते खरंही आहे.

गेल्या महिन्यात वाटेतच तिला फिट आली. ड्रायव्हरने बस कडेला घेतली. मी तिला सीटवर कुशीवर वळवलं, औषध मारलं, डोकं मांडीवर धरलं. एल्कोटच्या बाजूला वाटेत चढणारी पोरं आमच्या पोरांसारखी नाहीत, त्यांनी हे कधी पाहिलेलं नव्हतं. एक पोरगी रडायला लागली, दोघं सीटवर चढून बघत होते. मी ओरडले तेव्हा खाली बसले. औषध लागू पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं नाही. ओपलने डोळे उघडले, जीभ चावल्यामुळे ओठावर रक्त होतं, आणि तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "मी पडले का?"

"नाही," मी म्हणाले. "मी होते ना."

बस पुन्हा सुरू झाली. समोरून केंडलचा पांढरा ट्रक आला, राजधानीहून परतणारा. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतात, ओळख असो नसो. केंडलने बोट उचललं. ओपलने खिडकीकडे तोंड केलं आणि हात वर केला. सगळ्यांना करते तसाच, बोटं पसरून.

मी तिचा हात धरला आणि खाली ओढला.

"मिस्टर केंडल होते, मीमॉ," ती म्हणाली. "नमस्कार नाही करायचा?"

"नाही. त्यांना नाही करायचा."

आजवर मी तिला माणसांना मिठी मारायला शिकवलं होतं, आभार मानायला, माफ करायला शिकवलं होतं. या एका गोष्टीला तिने 'का?' असं विचारलं नाही. दोन आठवड्यांनी तो ट्रक पुन्हा समोरून आला आणि बोट वर झालं. मी काही बोलायच्या आधीच ओपलने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि सरळ समोर बघत बसली.